ज्वालामुखीचा गुरुवार

गावात रामदास गुरुजींना तोंडावर गुरुजी म्हणत आणि पाठ वळली की 'स्थिर मास्तर'. हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. त्र्याण्णव साली, नोकरी लागून चार वर्षं झालेली असताना, विसर्जनाच्या मिरवणुकीआधी मंडळाच्या माइकवरून त्यांनी अख्ख्या धोंडमाळला भूगोल शिकवला. पायाखालचा हा काळा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो कधीच थंड झाला, दख्खनचं पठार स्थिर आहे, कोयना सोडली तर इथे भूकंपाची भीती बाळगणं हा निव्वळ अडाणीपणा आहे, असं सगळं. पुस्तकात तसंच छापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे किल्लारी झालं. तिकडे हजारो माणसं दगडमातीखाली गेली. राजुरीच्या पलीकडच्या या आडबाजूच्या गावानं रेडिओ ऐकला, हळहळून घेतलं आणि मग दात काढत विचारलं, "काय गुरुजी, स्थिर ना?"

पुस्तकाला कुणी काही म्हणालं नाही. पुस्तक गावात राहत नव्हतं, गुरुजी राहत होते.

तेव्हापासून तीस वर्षं उलटली. त्यांच्या हाताखालून शिकलेली पोरं बाप झाली, त्यांची पोरंही शिकून गेली. निवृत्तीच्या निरोप समारंभात हार घालताना एकानं हळूच तो शब्द काढलाच आणि मांडव खळखळून हसला. गुरुजीही हसले, आणि घरी येऊन जेवले नाहीत. त्यांना आयुष्याकडून आता एवढंच हवं होतं, की जमिनीच्या बाबतीत आपण एकदा तरी बरोबर ठरावं आणि ते या गावानं उघड्या डोळ्यांनी बघावं. त्यासाठी त्यांनी एक वही केली होती. कुठे भांडं वाजलं, कुठे कौल सरकलं की तारीख, वार, वेळ टिपायची. त्यांची बायको प्रयागबाई म्हणे, "भूकंपाची वाट बघणारा माणूस म्या दुसरा नाय बघितला." म्हणे आणि चहा पुढं ठेवी. अख्ख्या गावात ती एकटीच अशी होती, जिनं 'स्थिर' हा शब्द नवऱ्याच्या नावाला कधी चिकटवला नव्हता. तिला वाटे, यांना सगळं कळतं, गावाला ते उशिरा कळतं.

यंदा संक्रांत झाली आणि जमीन खरंच हलायला लागली. सकाळी साडेनऊच्या सुमाराला पायाखालून धक्का यायचा, मांडणीवरचे पेले किणकिणायचे, गोठ्यातली म्हैस दावं ताणायची. रोज नाही, पण आठवड्यातून चारपाच वेळा. गुरुजींची वही भराभर भरू लागली. माळाच्या टोकाला दादाभाऊंची दगडाची खाण आणि खडी क्रशर होतं, पण त्याचा परवाना दिवाळीतच संपला होता. गेटला कुलूप होतं. खाण बंद म्हटल्यावर सुरुंगही बंद, हे कुणालाही कळेल. कुलूप फक्त पुढच्या गेटला आहे आणि मागून डंपर चालू आहेत, हेही सगळ्यांना दिसत होतं, पण दादाभाऊंच्या बाबतीत दिसलेलं बोलायची धोंडमाळला सवय नव्हती. गावची कमान, शाळेची भिंत, देवळाचा कळस, सगळं त्यांच्याच खडीतून उभं राहिलं होतं.

महाशिवरात्रीच्या आधी ठकूबाईंच्या बांधापलीकडे माळावर जाळ निघाला. ठकूबाई गावातली सगळ्यात म्हातारी बाई, तिनं बोंब ठोकली आणि गाव धावलं. घमेल्याएवढं भोक. त्यातून पांढरा धूर. आत दगड वितळून लालभडक रटरटत होता, गुऱ्हाळाच्या काहिलीत पाक रटरटतो तसा, आणि काठावर सांडून गार झालेला भाग काळ्या काचेसारखा चमकत होता. कुणीतरी म्हणालं, ज्वालामुखी. झालं, दुसरा शब्द कुणाला सुचलाच नाही.

गुरुजी पायांत जाड रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घालून आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ज्वालामुखी? इथे? शक्य नाही. हा खडक कधीच थंड झालेला आहे. हे काहीतरी वेगळं आहे."

बोलले ते अगदी बरोबर बोलले. पण त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी मागून आवाज आला, "बरुबर हाय! पठार स्थिर!" आणि त्या धगधगत्या भोकाच्या काठावर उभं राहून गाव पोट धरून हसलं. पोरीबाळीसुद्धा हसल्या. गुरुजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते तसेच वळले आणि घरी गेले.

संध्याकाळी दादाभाऊ स्वतः घरी आले. धोंडमाळात दादाभाऊ कुणाच्या घरी जात नसत, लोक त्यांच्याकडे जात. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. खाटेवर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, हसणाऱ्यांचं काय मनावर घेता? ह्यांना काय कळतंय? मला तुमीच सांगा, हे हादरे आन् हा जाळ, ह्यांचा काय संबंध असंल का नसंल?"

"संबंध असतो," गुरुजी म्हणाले. विचारलं म्हटल्यावर त्यांना राहवेना. "ज्वालामुखी जागा व्हायच्या आधी जमीन हादरते. खालचा रस वर सरकतो, खडकाला भेगा पाडतो, त्या भेगा म्हणजेच हादरे. प्रत्येक भूकंपामागे ज्वालामुखी नसतो, पण ज्वालामुखीच्या पुढे भूकंप चालतो."

"म्हंजे आधी हादरे, मग जाळ."

"हो."

"मग आपल्याकडं तसंच झालं की राव!" दादाभाऊंनी मांडीवर थाप मारली. "पुण्याची लोकं येत्याल, टीव्हीवाली येत्याल. त्यांना सांगायला गावात एक माणूस हाय आपल्याकडं. न्हाईतर काय, लोकं खाणीचंच नाव घेत्याल. मला तहसीलला द्यायला दोन ओळी लिवून द्या. तुमची सही लागंल."

गुरुजी रात्रभर पडून राहिले आणि सकाळपर्यंत त्यांची खात्री पटली. खात्री पटवून घ्यायची असली की पुरावे धावत येतात. कुकडीच्या काठी बोरीला ज्वालामुखीची राख सापडते, हे त्यांना ठाऊक होतं, ती राख एका बाटलीत भरून त्यांच्या कपाटातही होती. ती समुद्रापार कुठल्यातरी लांबच्या डोंगरातून उडून आली असावी असं संशोधक म्हणतात, तेही त्यांना ठाऊक होतं. मारुतीच्या पारावर तक्ता टांगून त्यांनी भाषण केलं तेव्हा बाटली दाखवली आणि समुद्र गाळला. वही उघडून हादऱ्यांच्या तारखा वाचल्या. आधी हादरे, मग जाळ. "विज्ञान चूक मान्य करतं," ते म्हणाले. "त्र्याण्णव साली मी चुकलो. आज मात्र मी सांगतो, पठार स्थिर नाही." पारावर टाळ्या पडल्या. दादाभाऊंनी शाल घातली. पत्रावर सही झाली. प्रयागबाई बायकांच्या घोळक्यात बसली होती, तिनं पदरानं डोळे पुसले. त्या दिवसापासून 'स्थिर' हा शब्द गावातून गेला. लोक वाटेत थांबवून विचारू लागले, गुरुजी आज काय म्हणतोय आपला ज्वालामुखी? एका माणसाला तीस वर्षं उपाशी ठेवून एकदम पंगतीला बसवलं की तो पानात काय वाढलंय ते बघत नाही.

ज्वालामुखीची एक तऱ्हा मात्र होती. तो गुरुवारी विझायचा. सकाळी आठनऊला धूर बंद व्हायचा, तांबडेपणा जायचा, संध्याकाळी पुन्हा रटरटायला लागायचा. हादराही गुरुवारी कधी यायचा नाही. ठकूबाईंनी निकाल दिला की देव गुरुवार धरतो, उपाशी असतो. गुरुजींनी त्यावर चंद्र, भरतीओहोटी आणि भूगर्भातला दाब असं काहीतरी सांगितलं. लोकांना उपासाचं जास्त पटलं.

गुरुजींची सून वृषाली घोडेगावची. तिचा नवरा सूरज चाकणला कंपनीत होता, रविवारीच यायचा. तिचा बाप सयाजी जन्मभर वायरमन म्हणून खांबावर चढलेला माणूस. वृषाली एकदा अनवाणी त्या भोकापर्यंत गेली आणि परत आली ती गोरीमोरी होऊन. सासूसासरे जेवत होते, तिनं वाढता वाढता विषय काढला.

"मामा, तिथं पायांना मुंग्या येत्यात."

"धग असते ती."

"धग नाय. तात्या आमाला बारकं असताना सांगायचे, जमिनीत करंट उतरला की अशाच मुंग्या येत्यात. तिथून चालत यायचं नाय, दोनी पाय जुळवून टुणटुण उड्या मारीत यायचं. म्या तशीच आले." ती थांबली. "आन् गुरुवारचं मामा. गुरुवारी आपल्याकडं लाइट नसती. दुरुस्तीसाठी घालवत्यात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. लाइट गेली की हा विझतो. लाइट आली की पेटतो."

गुरुजींचा घास हातातच राहिला.

हे इथं स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढं त्यांनी ते स्वतःपासूनही लपवलं. त्या क्षणी त्यांना कळलं. सगळं, एका दमात. वहीतल्या साडेनवाच्या नोंदी म्हणजे खाणीतले सुरुंग, लाइट नाही म्हणून क्रशर बंद आणि म्हणून एकाही गुरुवारी नसलेला हादरा, मागून जाणारे डंपर. दीडेक वर्षापूर्वी दादाभाऊंनी खाण वाढवताना क्रशरच्या लाइनचे मधले खांब काढले होते आणि पुढं वीज जमिनीतून कशी नेली ते कुणी विचारलं नव्हतं. सगळं एकाला एक लागून उभं राहिलं, आणि त्याच्या शेवटी पारावर टाळ्या वाजवणारं गाव उभं होतं, आता पुन्हा हसायला तयार. गुरुजींनी घास तोंडात घातला.

"तुझा बाप वायरमन," ते म्हणाले. "त्याला सगळीकडं वायरच दिसणार."

प्रयागबाई सुनेकडे बघून हलकंच म्हणाली, "अगं, ते शिकल्यालं हायेत." वृषालीनं तेवढ्यावर सोडलं नाही. तिनं वीज कार्यालयाला फोन केला. माणूस आला, त्याच्याजवळच्या नकाशात माळावरून लाइनच नव्हती, तो लांबूनच बघून गेला. तिनं बापाला फोन केला. सयाजी म्हणाला, "गुडघ्याचं इंजेक्शन हाय शुक्रवारी. शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. तवर कुणाला जवळ जाऊ देऊ नगं पोरी."

शुक्रवारी गावानं पूजा धरली होती. ठकूबाईंचा हुकूम होता, आई तापली की तिला गार करायची. देवीच्या वाराला, सवाष्णींनी, अनवाणी, तांब्याच्या तांब्यातून दूध-पाणी सोडायचं. रीत जुनीच होती. विहिरीला पाणी लागावं म्हणून, गोवर आला म्हणून, साथ आली म्हणून धोंडमाळच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या असंच पाणी सोडत आल्या होत्या. पहिला मान कुणाचा, याला कुणी वाद घातलाच नाही. ज्यानं ज्वालामुखी ओळखला, त्याच्या घरचा.

गुरुवारी सकाळी वृषाली पुन्हा सासऱ्यांपुढे आली. या वेळी तिनं करंटचं नाव काढलं नाही, हात जोडले. "मामा, करायची तर पूजा आज करा. गुरुवार हाय. आज आत्यांना जाऊ द्या, मी सोताहून संगट जाते."

पारावरची मंडळी बाहेर ओसरीवर बसली होती, दादाभाऊही होते. आतलं बाहेर ऐकू जात होतं. गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "गुरुवारी तो शांतच असतो. शांत असलेल्याला काय शांत करायचं?" ओसरीवर हशा पिकला. या वेळी तो गुरुजींच्या बाजूनं होता. अंगावर मूठभर मांस चढलं त्यांच्या.

शुक्रवारी सकाळी हळदीकुंकू लावून प्रयागबाई तयार झाली. हिरवं लुगडं, हातात तांब्या. दारात ती थबकली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "अहो, वृषाली म्हणतीय तसं काय नसंल ना?"

तेव्हा बोलायची वेळ होती. अंगणात हलगी वाजत होती, बायका रांगेत उभ्या होत्या, टीव्हीवाल्याचा कॅमेरा गुरुजींच्या तोंडावर होता. गुरुजी म्हणाले, "काही नाही होत. पटकन सोडायचं आणि मागं यायचं." ते पटकन का म्हणाले, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"तुमी म्हणताय ना, मग झालं," प्रयागबाई म्हणाली.

माळावर गुरुजी भोकापासून पाच हातांवर उभे राहिले, बूट घालून. शास्त्राच्या माणसाला अनवाणीपणाची सक्ती नव्हती. प्रयागबाई पुढं गेली. तीन पावलं गेल्यावर ती अडखळली, जमीन चटके देत असावी तशी तिनं पावलं उचलली. वृषाली मागून ओरडली, "आत्या, मागं फिरू नका, पाय जुळवा! पाय जुळवा!" हलगीत कुणाला ऐकू गेलं नाही. प्रयागबाईनं नवऱ्याकडं एकदा बघितलं, ते मान डोलावत होते, म्हणून तिनं तांब्या वाकवला. दुधाची धार भोकात पडली.

आवाज फार झाला नाही. ती ताठ झाली, जशी उभी होती तशीच पुढं पडली आणि तांब्या तिच्या हातातून सुटला नाही. लुगड्यातून धूर आला. बायका किंचाळत धावल्या, त्यांच्यातल्या दोघी चार पावलांवर मटकन पडल्या आणि त्यांना पदराला धरून मागं ओढलं. वृषाली हात पसरून आडवी उभी होती, "शिवू नका! कुणी शिवू नका, लाकूड आणा!" गुरुजींच्या पायांत रबर होतं, त्यांना मुंग्याही आल्या नाहीत. ते पुढं गेले नाहीत. पुढं गेलो तर काय होईल हे गावात तिघांनाच नेमकं माहीत होतं, आणि त्यातले एक ते होते. आठदहा मिनिटांनी लाइट बंद झाली. दादाभाऊ तोवर फोनवर बोलून आले होते. धूर थांबला, तांबडेपणा गेला.

ठकूबाईंनी हात जोडले. "गार झाली गं बया. आई गार झाली. बाईचा जीव घेतला आन् शांत झाली." आणि सगळ्या माळानं हात जोडले.

सरणावर ठेवण्याआधी वृषाली म्हणत होती की आत्यांना दवाखान्यात न्या, तपासणी करा. दादाभाऊंनी गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला. "देवीनं नेल्याली बाई. चिरफाड करायची का गुरुजी? तुमी सांगाल तसं." गुरुजींनी नकारार्थी मान हलवली. दुपारी अग्नी दिला. तेवढ्या वेळात माळावर जेसीबी फिरला, एक चर खणला, काहीतरी काढलं, चर बुजवला, वर मुरूम दाबला. शनिवारी सकाळी सयाजी गुडघे ओढत आला, टेस्टर घेऊन भोकापाशी वाकला. गार दगड. त्यानं मुरमावर काठी आपटली, लेकीकडं बघितलं आणि तिथंच बसला. "एक दिस," तो म्हणाला. "एक दिस आधी आलो असतो तर."

दादाभाऊ सांत्वनाला आले ते एकटेच, खाटेवर बसून हळू बोलले. "तुमची सून कायबाय बोलतीय म्हणं. केबल बिबल. गुरुजी, तुमची सही हाय पत्रावर, तहसीलला पोचलीय. मी खाणवाला माणूस, मला काय, चार लोकं शिव्या देत्याल, सवय हाय. पण लोकं पहिलं इचारत्याल, बाईला तिथं धाडली कुणी?" ते उठले. "दशक्रियेला मोठा मांडव टाकू. देवळी बांधू माळावर, प्रयागबाईंच्या नावानं. खडी आपली."

त्या दिवसानंतर वृषालीनं सासऱ्याकडं एकच गोष्ट मागितली, ती वही. "त्यात सगळं हाय मामा. साडेनऊ, साडेनऊ, साडेनऊ. गुरुवार कोरा. तुमच्या हातानं लिवल्यालं. ती दिली ना, तर कुणालाबी पटंल." गुरुजी म्हणत, शोधतो. वही त्यांच्या खिशात असे. वृषालीच्या डोळ्यांत राग होता, पण रागाच्या तळाशी कीव होती. म्हातारा चुकला, शिकलेला माणूस फसला, बायको गमावून बसला, असं तिनं धरलं होतं. त्या कीवेच्या आधारावर गुरुजी दहा दिवस घरात वावरले, तिच्या हातचं जेवले.

दशक्रिया रविवारी घाटावर झाली. मांडव खरोखर मोठा होता. प्रवचन झालं, मग आपल्याकडच्या रीतीनं श्रद्धांजलीची भाषणं. दादाभाऊ माइकवर म्हणाले की प्रयागबाईंनी गावासाठी देह ठेवला आणि ज्वालामुखी शांत केला. नंतर गुरुजींना उठवलं. त्यांनी माइक धरला. पहिल्या रांगेत सूरज बसला होता, त्याच्या मागं सयाजी, बायकांत वृषाली. गुरुजी म्हणाले, "ज्वालामुखी आणि भूकंप यांचा संबंध... मी सांगितलाच आहे." आणि खाली बसले. लोकांना भरून आलं.

तेवढ्यात दादाभाऊंच्या एका माणसाचा फोन वाजला. तो दादाभाऊंच्या कानाशी लागला, त्यांचा चेहरा क्षणभर पडला, पण शब्द फुटायचा तो फुटलाच. माळावर पुन्हा धूर निघाला होता. जुन्या जागेपासून शंभर पावलांवर, खाणीच्या अंगाला. दादाभाऊंनी नवा चर खणला होता, केबल जुनीच टाकली होती.

मांडव उठून उभा राहिला. बायका रडायला लागल्या. ठकूबाईंनी काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं. "भ्यायचं काय कारण? तिला काय लागतं ते आपल्याला कळलंय आता. तेरावं उरकलं की येत्या शुक्रवारी पाणी सोडायचं. पहिला मान त्याच घरचा." ती वृषालीपाशी आली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सून सासूच्या जागी उभी राहती."

कुणालाही यात वावगं वाटलं नाही. दादाभाऊ जमिनीकडं बघत होते. सूरज "अहो पण" म्हणाला, तेवढंच. वृषाली उठली, गर्दीतून वाट काढत सासऱ्यापुढं येऊन उभी राहिली. सगळ्यांसमोर, शांतपणे म्हणाली, "मामा, तुमच्या शब्दावर हाय. शुक्रवारी जाऊ का?"

तिला वाटत होतं, आता तरी म्हातारा उठेल आणि सांगेल. गुरुजींना ते तिच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी गावाकडं बघितलं. सगळ्या माना त्यांच्याकडं वळलेल्या, सगळ्यांचे हात नकळत जोडलेले. तीस वर्षांत या गावानं त्यांच्याकडं असं बघितलं नव्हतं.

"शुक्रवारी नको," गुरुजी म्हणाले. "गुरुवारी जा."

"गुरुवारी?" ठकूबाई म्हणाली. "गुरुवारी तर त्यो शांत असतो. शांत असल्याल्याला काय शांत करायचं, तुमीच म्हणला व्हता की."

"गुरुवारीच. सकाळी नवाच्या पुढं."

गुरुजी म्हणतात त्यात काहीतरी शास्त्र असणार, म्हणून लोकांनी माना डोलावल्या. वृषाली हलली नाही. तिच्या डोळ्यांतली कीव गेली. गुरुजींना ती जाताना दिसली, दिवा मालवताना दिसते तशी, आणि मागं जे उरलं त्याच्याकडं त्यांना बघवेना.

"म्हंजे तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. आवाज फक्त त्यांच्यापुरता होता. "आत्यांसाठी म्या गुरुवारच मागितला व्हता."

गुरुजींनी तोंड उघडलं, पण त्याच वेळी घाटाची फरशी हादरली. नैवेद्याची पानं थरथरली, मांडवाची झालर हलली, आणि गाव एका सुरात 'आई गं' म्हणून गुरुजींकडं हात जोडून वाकलं. गुरुजींचा हात सवयीनं खिशात गेला. वही निघाली, पेन निघालं. रविवार, नऊ वाजून बत्तीस मिनिटं.

वृषालीनं हात पुढं केला. "वही द्या मामा."

गुरुजींनी वही मिटली, खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.